संत जॉन बॉस्को आणि पिनार्दीची पडवी

ज्युबिलीनिमित्त आपल्या धर्मग्रामाने जे संकल्प केले, त्यांत शाळा सुटल्यावर मुलामुलींनी एकत्र यावे, खेळावे, अभ्यास करावा, याकरिता एक स्वतंत्र इमारत उभारण्याचाही संकल्प आहे. पावतीपुस्तके छापून झाली आहेत. ती घेऊन घरोघर जाणे मात्र आपल्यापैकी पुष्कळांना, आणि खरे सांगावयाचे तर प्रस्तुत लेखकालाही, जड जाते. कोणी विचारतात की, चर्चचा व्हरांडा मोकळाच असतो, मग इमारत कशाला? कोणी विचारतात की, पैसा येणार कोठून? हेच दोन प्रश्न सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी इटलीतील तुरीन शहरी एका तरुण धर्मगुरूस विचारले गेले होते. त्या धर्मगुरूचे चरित्र येथे थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

तुरीन हे नाव नागपूरच्या कॅथलिकांस वाटते तितके परके नाही. आपल्या या प्रांतात श्रद्धेचे बीज ज्यांनी पेरले, ते आन्सीचे मिशनरी 1846 साली विशाखापट्टणम येथे येऊन पोहोचले. नागपुरात तेव्हा तिसऱ्या रघूजी भोसल्यांचे राज्य होते. आन्सी हे गाव सावॉय प्रांतात असून तो प्रांत त्या काळी सार्डिनियाच्या राज्यात मोडत असे, आणि त्या राज्याची राजधानी तुरीन हीच होती. म्हणजे कामठीच्या छावणीत राबणारे आपले ते पहिले धर्मगुरू आणि डॉन बॉस्को हे एकाच राजाचे प्रजाजन होत. दोघांचा आश्रयदाता संतही एकच. आन्सीच्या मिशनऱ्यांनी संत फ्रान्सिस डी सेल्स यांचे नाव धारण केले. आपले कॅथेड्रलही त्यांच्याच नावाने आहे. डॉन बॉस्को यांनी त्याच संताच्या सौम्यतेवर भाळून आपल्या कार्यास त्याचे नाव दिले. सालही पाहावे: 1846.

जॉन बॉस्को यांचा जन्म 16 ऑगस्ट 1815 रोजी कास्तेल्नुओव्होजवळच्या बेक्की नामक वाडीवर, एका शेतकऱ्याच्या घरी झाला. ते दोन वर्षांचेही नव्हते तोच पित्याचे छत्र हरपले. माता मार्गारिता हिने मोठ्या कष्टाने संसार सांभाळिला. तिला लिहिता-वाचता येत नसे, परंतु प्रार्थना आणि धर्मशिक्षण यांचे पहिले धडे मुलांस तिनेच दिले. नवव्या वर्षी जॉन यास स्वप्नात दांडगाई करणारी मुले दिसली आणि त्यांस मारून नव्हे, तर मायेने जिंकावे असा आदेश मिळाला. जत्रेत येणाऱ्या डोंबाऱ्यांचे खेळ पाहून तो दोरीवरून चालणे, हातचलाखी करणे असल्या कला शिकला. वाडीवरची माणसे जमवून तो खेळ दाखवी आणि खेळाच्या मोबदल्यात त्यांच्याकडून जपमाळ म्हणवून घेई. सावत्र भाऊ अंतोनिओ यास त्याचे पुस्तकवेड खपत नसे. त्यामुळे काही काळ त्याला परक्याच्या शेतावर गडी म्हणून राहावे लागले. शिंप्याच्या, लोहाराच्या, मिठाईवाल्याच्या हाताखाली काम करीत त्याने शिक्षण पुरे केले आणि 5 जून 1841 रोजी तुरीन येथे त्यास गुरुदीक्षा मिळाली. इटलीत धर्मगुरूंस डॉन म्हणतात; तेव्हापासून ते डॉन बॉस्को झाले.

तुरीन शहर तेव्हा वाढत होते. खेड्यापाड्यांतून आठ-दहा वर्षांची पोरे गवंड्यांच्या हाताखाली विटा वाहावयास, धुराडी साफ करावयास येत. दिवसभर काम, रात्री कोठे तरी जिन्याखाली झोप, आणि रविवारी रस्ता. डॉन बॉस्को यांचे गुरू डॉन काफास्सो त्यांस तुरुंगात घेऊन जात. तेथे सुटून गेलेली तरुण मुले काही दिवसांनी पुन्हा गजांआड दिसत. कारण बाहेर त्यांस विचारणारे कोणीही नसे. ही गोष्ट त्यांच्या मनास फार लागली. त्याच वर्षी 8 डिसेंबर रोजी, निष्कलंक मातेच्या सणाच्या दिवशी, संत फ्रान्सिस असीसीकर यांच्या चर्चमध्ये ते मिस्सेची तयारी करीत असता, सॅक्रिस्टीत शिरलेल्या एका पोरास तेथील सेवकाने झाडूच्या दांड्याने बडवून हाकलले. त्याला मिस्सेत सेवा करता येत नाही, एवढाच अपराध. डॉन बॉस्को यांनी त्यास परत बोलाविले. बार्थोलोमिओ गारेल्ली हे त्याचे नाव; आईबापाविना पोरका, धंद्याने गवंडी. दोघांनी मिळून नमो मरिया म्हटली आणि धर्मशिक्षणाचा पहिला पाठ झाला. पुढल्या रविवारी तो आणखी काही सोबती घेऊन आला. ऑरेटरीचा, म्हणजे मुलांच्या प्रार्थनेच्या आणि खेळाच्या मेळाव्याचा, आरंभ तो हा.

मुले वाढली आणि जागेचे संकट सुरू झाले. व्हरांडा मोकळाच आहे असे म्हणणाऱ्यांनी हा भाग लक्षपूर्वक वाचावा अशी माझी विनंती आहे. मार्क्विस बारोलो या दानशूर बाईंनी आपल्या आश्रमात दोन खोल्या दिल्या. काही महिन्यांनी त्या परत मागितल्या. नंतर एका जुन्या स्मशानभूमीचे आवार मिळाले. गलक्यामुळे तेही बंद झाले. पिठाच्या गिरण्यांजवळ गेले, तर गिरणीवाल्यांनी तक्रार केली. तीन खोल्या भाड्याने घेतल्या, तर शेजाऱ्यांनी ओरड केली. शेवटी फिलिप्पी बंधूंचे उघडे कुरण भाड्याने घेतले. तेथे एका कोपऱ्यात डॉन बॉस्को मुलांची पापकबुली ऐकत आणि बाकीची खेळत; परंतु शेकडो पायांखाली गवताची मुळेसुद्धा राहिली नाहीत, आणि मालकांनी जागा सोडण्यास सांगितले. भरीस भर म्हणून इतकी पोरे एकत्र कशास जमतात असा संशय नगराधिकारी मार्क्विस काव्हूर यांस आला आणि शिपाई पाळतीवर राहू लागले.

ह्याच सुमारास आणखी एक संकट ओढवले. बारोलोबाईंनी त्यांच्या प्रकृतीच्या काळजीपोटी, आश्रमाची नोकरी अथवा मुले यांपैकी एक निवडावे, असे सुचविले. त्यांनी मुले निवडली; पगार आणि राहण्याची जागा अशी दोन्ही जाण्याची पाळी आली. खिशात दमडी नसता ते मोठमोठ्या इमारती, चर्च, कारखाने, खेळाची मैदाने यांविषयी अशा काही खात्रीने बोलत, की सोबतच्या धर्मगुरूंस त्यांच्या डोक्यावर परिणाम झाला असे वाटू लागले. दोघे धर्मगुरू फिरावयास नेण्याच्या मिषाने गाडी घेऊन आले. बेत थेट वेड्यांच्या इस्पितळात नेण्याचा होता. डॉन बॉस्को यांनी तो ओळखिला. अगत्याने त्यांनी त्या दोघांस आधी आत बसविले, दार लावून घेतले आणि गाडीवानास गाडी हाकण्यास सांगितले. पुढे इस्पितळात त्या दोन सज्जनांची जी त्रेधा उडाली, ती सेमिनरीत भोजनाच्या वेळी वाचली जाई तेव्हा मौनाचा नियम पाळणे आम्हांस कठीण पडे.

1846 सालच्या झावळ्यांच्या रविवारी, कुरणातील अखेरच्या दिवशी, मुले खेळत असता डॉन बॉस्को एका बाजूस जाऊन रडले. पुढल्या रविवारी त्या पोरांस कोठे बोलवावयाचे ते त्यांस ठाऊक नव्हते. तोच एक तोतरा माणूस आला. त्याने ऐकले होते, की डॉन बॉस्को यांस लाबोरातोरिओकरिता, म्हणजे कारखान्याकरिता, जागा हवी आहे. त्यांनी सांगितले, की कारखान्याकरिता नव्हे, ओरातोरिओकरिता. जागा पिनार्दी नामक गृहस्थाची होती. पाहावयास गेले तो घराच्या मागील भिंतीस टेकवून काढलेली एक पडवी! छप्पर इतके ठेंगणे, की ताठ उभे राहणे मुष्किलीचे. डॉन बॉस्को यांनी जमीन खोदून खाली घेण्याची अट घातली. वार्षिक सुमारे 300 लिरा भाडे ठरले, आणि 12 एप्रिल रोजी, पुनरुत्थानाच्या सणी, मुलांनी मिरवणुकीने येऊन त्या पडवीत पहिली मिस्सा ऐकली. पुढे दृढीकरणाकरिता महागुरुस्वामी फ्रान्सोनी तेथे आले, तेव्हा प्रवचनास उभे राहताच त्यांचा शिरोमुकुट छतास लागला आणि तो उतरवून ठेवावा लागला.

त्याच उन्हाळ्यात अतिश्रमाने डॉन बॉस्को मरणाच्या दारी गेले. दिवसभर विटा वाहणाऱ्या पोरांनी उपास केले, कोन्सोलाता मातेच्या मंदिरात रात्री आळीपाळीने प्रार्थना केल्या. ते वाचले. नोव्हेंबरात गावाहून परतताना ते आपल्या मातेस सोबत घेऊन पायी आले. अठ्ठावन्न वर्षांची ती विधवा शेत, घर, नातवंडे सोडून परक्या पोरांचे सदरे शिवण्यास आली. आपली लग्नातली वस्त्रे तिने वेदीच्या वस्त्रांसाठी दिली, सोन्याचा दागिना विकला. ऑरेटरीचा पहिला देणगीदार कोण, असे कोणी विचारील तर मी तिचेच नाव घेईन. एकदा मुलांनी खेळता खेळता तिच्या भाजीच्या वाफ्याचा चुराडा केला, तेव्हा ती फार दुःखी होऊन परत जाण्यास निघाली. पुत्राने काही न बोलता भिंतीवरच्या क्रूसाकडे बोट केले. ती राहिली, 1856 साली तिला मरण आले ते तेथेच.

संध्याकाळी काम सुटल्यावर पडवीत आणि शेजारच्या खोल्यांत वर्ग भरत. वाचन, लेखन, हिशेब, गायन. राज्यात नवी दशमान मापे येणार होती. गवंड्याच्या पोरास ती कळली नाहीत तर मजुरीत फसवणूक होणार, म्हणून डॉन बॉस्को यांनी त्यावर एक सोपे पुस्तक लिहिले. मालकाशी लेखी करार करून, मुलास मारू नये, सणाची सुट्टी द्यावी, धंदा नीट शिकवावा, अशा अटी घालून ते त्यावर सही घेत.

पिनार्दीचे घर 19 फेब्रुवारी 1851 रोजी विकत घेतले. आधी 80,000 लिरा मागणारा मालक 30,000 वर आला, पण रक्कम पंधरा दिवसांत एकदम द्यावी असा त्याचा आग्रह, असे त्यांनी स्वतः आपल्या आठवणींत नमूद केले आहे. डॉन काफास्सो यांच्या हस्ते एका सरदार घराण्यातील बाईंचे 10,000 आले. 20,000 चार टक्के व्याजाने मिळाले. त्याच वर्षी 20 जुलैस संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावे चर्चची कोनशिला बसली. पैसा संपला, तेव्हा त्यांनी सोडत काढली. सोडतीचे नाव काढताच आपल्याकडील वडीलधारी मंडळी नाक मुरडतील. परंतु तेथे ती सरकारी परवानगीने, बक्षिसांची छापील यादी लावून, उघडपणे झाली. घरोघरून तीन हजारांवर वस्तू आल्या, तिकीट अर्ध्या लिऱ्याचे. मध्येच 26 एप्रिल 1852 रोजी जवळच्या दारूच्या कोठाराचा भयंकर स्फोट झाला. चर्चच्या नव्या भिंती बचावल्या. पण शेजारच्या कोत्तोलेंगोच्या अनाथ-रुग्णालयाची हानी झाली, तेव्हा स्वतः कर्जात बुडालेल्या या गृहस्थाने सोडतीच्या उत्पन्नात त्यांनाही वाटेकरी केले. 20 जून रोजी चर्चवर आशीर्वाद झाला. डिसेंबरच्या आरंभी मुलांच्या वसतीकरिता बांधीत असलेली नवी इमारत पावसाळी रात्री कोसळली. शेजारी मुले झोपली होती. एकासही इजा झाली नाही. खर्च मात्र दुप्पट झाला. पुढल्या वर्षी ती पुन्हा उभी राहिली.

पुढील कार्याची नुसती यादी देऊन थांबतो, कारण ते सर्वश्रुत आहे: चांभारकाम, शिवणकाम, सुतारकाम, छपाई यांचे कारखाने, 1854 च्या पटकीत रोग्यांची सेवा करावयास निघालेली मुले, संत डोमिनिक साव्हिओ, 1859 साली सालेशियन संघ, 1872 साली संत मारिया माझ्झारेल्लो यांच्यासह भगिनींचा संघ, 1875 साली दक्षिण अमेरिकेस गेलेली पहिली तुकडी. भारतात त्यांचे पुत्र 1906 साली तंजावरास आले.

एक प्रसंग मात्र सांगितलाच पाहिजे. ख्रिस्ती जनांची सहायिका मरिया हिच्या भव्य मंदिराचा पाया खोदून झाला, तेव्हा त्यांनी मुकादमास पहिला हप्ता देण्याकरिता आपली थैली त्याच्या हातावर उपडी केली. निघाल्या आठ सोल्दी. अर्धा लिराही नव्हे! मुकादम गोंधळला. त्याचे नाव कार्लो बुझ्झेत्ती. गावाहून गवंड्याच्या हाताखाली राबावयास आलेला तो ऑरेटरीतलाच एक जुना पोर. खेळता-शिकता मोठा होऊन आता स्वतः बांधकामे घेत होता. त्याने काम सोडले नाही. 9 जून 1868 रोजी त्या मंदिराचे अभिषेकविधीने समर्पण झाले. त्याचा पैसा पुष्कळ अंशी बारीकसारीक देणग्यांतून आला: कोणी आजारातून उठले, कोणाचे पीक आले, आणि मातेचे ऋण म्हणून त्यांनी काही आणून दिले.

1880 साली पोप तेरावे लिओ यांनी रोम येथील पवित्र हृदयाचे अर्धवट राहिलेले मंदिर त्यांच्यावर सोपविले. त्यांनी ते स्वीकारिले. चर्चला लागून गरीब मुलांकरिता एक गृह व्हावे एवढे जोडून मागितले. दृष्टी मंदावली, पाय सुजत, तरी 1883 साली ते फ्रान्सभर आणि 1886 साली बार्सिलोनात भिक्षा मागत फिरले. पॅरिसमध्ये गर्दीतले भाविक त्यांच्या झग्याचे तुकडे कातरून नेत. फ्रान्समधील एका वैद्याने त्यांस तपासून, हे वस्त्र वापरून वापरून जीर्ण झाले आहे, विश्रांतीवाचून यास औषध नाही, असा अभिप्राय दिला. विश्रांती त्यांनी घेतली नाही. 14 मे 1887 रोजी ते मंदिर समर्पित झाले. ह्याच वर्षी आपला नागपूर धर्मप्रांतही स्थापन झाला. दोन दिवसांनी तेथील मातेच्या वेदीवर मिस्सा अर्पण करीत असता ते वारंवार रडले. नवव्या वर्षीचे स्वप्न आता उमगले, असे त्यांनी विचारणाऱ्यांस सांगितले.

अखेरच्या दुखण्यात त्यांनी आपल्या कपड्यांचे खिसे आणि थैली तपासावयास लावून, काही असेल ते डॉन रुआ यांच्या स्वाधीन करण्यास सांगितले. मरतेसमयी आपल्याजवळ एक पैसाही नसावा, अशी त्यांची इच्छा होती. 31 जानेवारी 1888 रोजी पहाटे त्यांनी देह ठेविला. 1 एप्रिल 1934 रोजी, पुनरुत्थानाच्या सणीच, पोप अकरावे पायस यांनी त्यांस संतपद दिले. पिनार्दीचे घर कधीच पाडले गेले. पडवीच्या जागी आज एक लहानसे प्रार्थनागृह आहे.