शिळेवर कोरलेले बुद्धचरित्र

शाक्यकुलोत्पन्न सिद्धार्थ गौतमांचे चरित्र आपण ग्रंथांतून वाचतो. परंतु अक्षरओळख नसलेल्या भाविकांनाही कळावे असे ते प्राचीन काळीच दगडावर कोरले गेले. सांचीच्या मोठ्या स्तूपाची सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची तोरणे पाहताना एक नवल दिसते. बुद्धांच्या आयुष्यातील कितीतरी प्रसंग त्यांवर आहेत. बुद्धांची आकृती मात्र कोठेही नाही.

वयाच्या २९ व्या वर्षी पत्नी व तान्हा राहुल यांस निद्रिस्त सोडून सिद्धार्थांनी गृहत्याग केला. पूर्व तोरणाच्या मधल्या आडव्या शिळेवर हा प्रसंग आहे. कपिलवस्तूच्या वेशीतून कंथक घोडा बाहेर पडतो. पाठीवर कोणी नाही, तरी सेवकाने वर छत्र धरले आहे. तोच घोडा पुनःपुन्हा कोरून शिल्पकाराने प्रवास दाखविला आहे. अखेरीस दोन पाउले उमटलेली दिसतात, आणि घोडा छत्रावाचून माघारी फिरतो. स्वार कोठे उतरला, हे निराळे सांगावे लागत नाही.

पुढील सहा वर्षे कठोर तपात गेली. विलास आणि देहदंड ही दोन्ही टोके सोडल्यावर, ३५ व्या वर्षी, गयेजवळ पिंपळाखाली त्यांस बोध झाला. शिल्पात तेथे केवळ वृक्ष व रिकामे आसन. दुःख आहे, त्याचे मूळ तृष्णेत आहे, तृष्णेच्या क्षयाने दुःखाचा निरोध होतो आणि त्यासाठी अष्टांगिक मार्ग आहे, हे त्यांनी सारनाथच्या मृगवनात पाच तपस्व्यांस प्रथम सांगितले. त्याची खूण धर्मचक्र. चक्राचे आठ आरे मोजून अष्टांगिक मार्गाशी जुळविण्याची रीत आहे. परंतु सारनाथच्या अशोकस्तंभावरील चक्रांस २४ आरे आहेत, तेव्हा त्या हिशेबाचा फार आग्रह नको.

मूर्ती का नाही, याविषयी विद्वानांत एकमत नाही. मला वाटते, सर्व संस्कार अनित्य आहेत असे ज्यांनी शिकविले, त्यांचा देह दगडात अडकविणे त्या कारागिरांच्या मनास रुचले नसावे. पुढे मथुरा व गांधार येथे मूर्ती घडू लागल्या. लोकांस मुखदर्शन हवे होते, यात दोष तो काय?

पंचेचाळीस वर्षे ते गावोगाव हिंडले. शाक्य कुमार भिक्षू होण्यास आले, तेव्हा आपला कुलाभिमान गळावा म्हणून त्यांनी आपल्यासोबतच्या उपाली न्हाव्यास प्रथम दीक्षा देण्याची विनंती केली. ती मान्य झाली, आणि राजकुळातील तरुणांस त्याला ज्येष्ठ मानून वंदन करावे लागले. ज्ञातिसंस्थेच्या अंकात हा प्रसंग मी मुद्दाम नमूद करीत आहे.

वयाच्या ८० व्या वर्षी चुंद लोहाराकडील भोजनानंतर त्यांचा आजार बळावला. चुंदास कोणी बोल लावू नये, अशी काळजी त्यांनी त्याही स्थितीत घेतली. कुशिनगरास दोन शालवृक्षांमध्ये त्यांनी देह ठेविला. अजिंठ्याच्या २६ व्या लेण्यात हे महापरिनिर्वाण सुमारे सात मीटर लांबीच्या मूर्तीत कोरलेले आहे. वर देवगण हर्षित आहेत. खाली भिक्षू बसले आहेत. अनित्यतेचा उपदेश इतकी वर्षे ऐकूनही ते शोकाकुल आहेत, आणि शिल्पकाराने तो शोक झाकलेला नाही.