कलामहर्षी बाबूराव पेंटर

कोल्हापूरच्या ज्या थोर कारागिरास महाराष्ट्र ‘कलामहर्षी’ म्हणून ओळखतो, त्याचे चरित्र आपल्या समाजातील मुलामुलींपुढे ठेवावे, असे आम्हांस फार दिवसांपासून वाटत होते. स्मरणिकेच्या निमित्ताने तो योग आला.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. शालेय शिक्षण बेताचेच. परंतु सुतारकाम, चित्रकला व मूर्तिकला घरातच हाती आल्या. नात्यातील बंधू आनंदराव यांच्यासह ते नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. त्यावरून ‘पेंटर’ हेच आडनाव रूढ झाले.

१९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रकाशित झाला. पुढे या बंधूंनीही चित्रपट काढण्याचे मनावर घेतले व त्यासाठी कॅमेरा स्वतःच घडविण्यास आरंभ केला! १९१६ साली आनंदराव निवर्तले; यंत्र अपुरे राहिले. बाबूरावांनी धीर न सोडता शिष्य दामले यांच्या साहाय्याने ते पुरे केले. गायिका तानीबाई कागलकर यांनी द्रव्यसाहाय्य केले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. १९२० साली ‘सैरंध्री’ पुण्यात झळकला. पुरुषांनी स्त्रीवेष घेण्याच्या त्या काळात त्यांनी स्त्रियांनाच भूमिका दिल्या. लोकमान्य टिळकांनी त्यांस ‘सिनेमा केसरी’ ही पदवी देऊन गौरविले.

१९२५ साली त्यांनी ना. ह. आपटे यांच्या कथेवरून ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. कर्जापायी जमीन गमावून गिरणीकडे जाणाऱ्या शेतकऱ्याची ही कहाणी. तरुण शेतकऱ्याची भूमिका शांताराम यांनी केली. सावकाराच्या वहीत शेत बुडालेले ज्या घरांनी पाहिले आहे, त्यांस या विषयाचे मोल सांगावयास नको.

१९२९ साली शांताराम, दामले, फत्तेलाल व धायबर हे शिष्य बाहेर पडले व त्यांनी प्रभात कंपनी स्थापिली. गुरूची कंपनी पुढे मावळली. बाबूराव पुन्हा कुंचला व मूर्तिकामाकडे वळले. १६ जानेवारी १९५४ रोजी त्यांचे देहावसान झाले. कंपनी गेली, पण विद्या शिष्यांच्या हातून पुढे चालली.

शेवटी एक कबुली. आमच्या मास्तरकीत एखादा चलाख मुलगा वडिलांचा रंधा टाकून कारकुनीस लागला, की आम्हीच त्याची पाठ थोपटीत असू. हाताच्या विद्येस आम्ही कमी लेखले, ही आमची चूक. समाजबांधवांनी मुलांस पुस्तक अवश्य द्यावे. मात्र घरातील हत्यारे माळ्यावर टाकू नयेत.