इतिहासाचार्य राजवाडे आणि गुप्त लिपीची किल्ली

मी मूळचा बुऱ्हाणपूरच्या राजपुऱ्याचा. तापीकाठचे हे शहर एकेकाळी खानदेश सुभ्याचे मुख्य ठाणे होते. त्याच खानदेशात, धुळ्याला, इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी देह ठेवला; म्हणून त्यांच्याविषयी मला विशेष आपुलकी वाटते. संगणकशास्त्र शिकवताना गुप्त किल्लीच्या वाटपाचा विषय निघाला, की मला तेच आठवतात.

राजवाड्यांचा जन्म १८६३ सालचा. डेक्कन कॉलेजातून ते बी. ए. झाले. तरुणपणीच पत्नी वारली. त्यांनी पुन्हा संसार थाटला नाही. पुढचे सारे आयुष्य गावोगावच्या वाड्यांतील दप्तरे धुंडाळण्यात गेले. वाळवीच्या तोंडी जाणारे कागद वाचवायचे, एवढाच ध्यास. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला. असे बावीस खंड झाले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले, तेही त्यांच्याच पुढाकाराने.

या भटकंतीत त्यांच्यापुढे महानुभावांच्या पोथ्या आल्या. भाषा मराठी, पण वाचता येईना! चौदाव्या शतकापासून या पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले होते. एका अक्षराच्या जागी दुसरे चिन्ह, इतकीच युक्ती. हाताने भराभर लिहिता यावे इतकी ती हलकी. खरे संरक्षण लिपीत नव्हते, किल्लीच्या वाटपात होते. ती गुरूकडून शिष्याकडे जाई. पंथ पंजाब-काबूलपर्यंत पसरला, तरी शतकानुशतके बाहेरच्याला पोथी उघडली नाही.

राजवाड्यांनी या लिपीचा उलगडा केला. वि. ल. भाव्यांनी ‘महाराष्ट्र सारस्वता’तून या वाङ्मयाची ओळख मराठी वाचकांना करून दिली. लीळाचरित्रासारखा आद्य गद्यग्रंथ त्यामुळे अभ्यासकांच्या हाती आला.

विद्यार्थ्यांनी यातून दोन गोष्टी घ्याव्यात. अक्षरे बदलली तरी भाषेची चाल बदलत नाही. कोणते चिन्ह वारंवार येते, कोणते शब्दाच्या शेवटी येते, हे मोजणाऱ्यापुढे अशी लिपी टिकत नाही. दुसरे असे, की सर्वांची किल्ली एकच असली म्हणजे एका ठिकाणी उलगडा झाला की त्या लिपीतली प्रत्येक पोथी उघडते.

आज शेतात, पुलावर, धरणाच्या भिंतीत चिमुकले सेन्सर बसवतात. त्यांची बॅटरी लहान, गणिताची ताकद थोडी; म्हणून त्यांनाही हलकी गुप्तलिपी लागते. सर्वांना एकच किल्ली दिली, तर एक सेन्सर चोराच्या हाती लागताच सारे जाळे फुटते. प्रत्येक जोडीला वेगळी किल्ली द्यावी, तर शंभर सेन्सरांना ४,९५० किल्ल्या लागतात, आणि प्रत्येकाला ९९ सांभाळाव्या लागतात. म्हणून २००२ साली एशेनावर आणि ग्लिगोर यांनी मधला मार्ग सुचवला: मोठ्या साठ्यातून प्रत्येकाला थोड्या किल्ल्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्या द्याव्यात, ज्या शेजाऱ्यांची एखादी किल्ली जुळेल, त्यांनी थेट बोलावे.

३१ डिसेंबर १९२६ रोजी राजवाडे गेले. किल्ली जपणारे पंथीय आणि कुलूप उघडणारे राजवाडे यांना मी परस्परांचे वैरी मानत नाही. पंथीयांनी जपले नसते, तर पोथ्या उरल्या नसत्या. राजवाड्यांसारख्यांनी उघडले नसते, तर आपण सारे त्यांना मुकलो असतो. किल्ली कोणापासून लपवायची याइतकाच, ती पुढे कोणाच्या हाती द्यायची हाही सुरक्षिततेचाच प्रश्न आहे.