माधवराव सप्रे : संपत्तीचे उत्तरदायित्व

पंडित माधवराव सप्रे यांचे नाव हिंदी वाङ्मयाच्या इतिहासात संपादक, निबंधकार आणि अनुवादक म्हणून आदराने घेतले जाते. मराठी अभ्यासकांना ते ‘दासबोध’ व ‘गीतारहस्य’ हिंदीत नेणारे म्हणून परिचित आहेत. ह्या दोन ओळखींच्या मध्ये त्यांच्या विचाराचा एक धागा मात्र काहीसा दुर्लक्षित राहिला आहे. ज्याच्या हाती जमीन, भांडवल किंवा उद्योग आहे, तो त्यामुळे ज्यांच्या जीवनावर परिणाम होतो त्यांना काय देणे लागतो, हा प्रश्न सप्रे यांनी कथा, परिभाषा, निबंध आणि संस्था अशा निरनिराळ्या माध्यमांतून हाताळला. पुढे एका कसोटीच्या क्षणी तोच प्रश्न त्यांच्या स्वतःच्या जीवनापुढे उभा राहिला.

सप्रे यांचा जन्म 19 जून 1871 रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया ह्या गावी एका मराठी कुटुंबात झाला. त्यांचे प्रारंभीचे शिक्षण बिलासपूर येथे व माध्यमिक शिक्षण रायपूर येथे झाले. घरात मराठी, शाळेत व बाजारात हिंदी आणि भोवतालच्या खेड्यांत छत्तीसगढी, अशा त्रिभाषिक वातावरणात ते वाढले. 1854 पर्यंत हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. त्यामुळे रायपुरात मराठी कुटुंबांची वस्ती जुनी होती व तिला प्रतिष्ठाही होती. पदवी संपादन केल्यानंतर अशा कुटुंबातील तरुणाला सरकारी नोकरीचा मार्ग सहज खुला होता. सप्रे यांनी तो नाकारला आणि पेंड्रा येथील राजकुमाराचे शिक्षक म्हणून काम पत्करले. त्या वेतनातून शिल्लक टाकलेल्या रकमेच्या बळावर त्यांनी जानेवारी 1900 मध्ये ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे मासिक काढले. रामराव चिंचोलकर हे त्यांचे सहसंपादक होते, तर प्रकाशनाची बाजू रायपूरचे वामन बळीराम लाखे यांनी सांभाळली. हिंदी पत्रकारितेतील हा एक महत्त्वाचा आरंभ तीन मराठी भाषिकांच्या हातून झाला, ही गोष्ट भारतीय साहित्यांच्या परस्परसंबंधांच्या अभ्यासात ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

मासिकाचा जन्मकाळही ध्यानात घेतला पाहिजे. नुकतीच ह्या भागात आगगाडी येऊन पोहोचली होती आणि छत्तीसगढचा तांदूळ दूरच्या बाजारपेठांशी जोडला गेला होता. 1896–97 च्या दुष्काळातून प्रदेश सावरला नाही तोच 1899–1900 चा दुष्काळ कोसळला. धान्याचा व्यापार आता गावच्या बाजारापुरता राहिला नव्हता. दूर कोठे तरी ठरलेल्या भावाचा परिणाम शेतकऱ्याच्या चुलीपर्यंत पोहोचत होता. व्यवहार करणारा आणि त्या व्यवहाराचे फळ भोगणारा ह्यांची आता गाठ पडत नव्हती. उत्तरदायित्वाचा आधुनिक प्रश्न नेमका ह्या अंतरातून निर्माण होतो.

ह्याच मासिकात एप्रिल 1901 मध्ये सप्रे यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा प्रसिद्ध झाली. हिंदीतील पहिली मौलिक लघुकथा कोणती, ह्या वादात तिचा उल्लेख नेहमी होतो. परंतु त्या वादामुळे तिच्या आशयाकडे दुर्लक्ष होता कामा नये. जमीनदाराला आपल्या वाड्याचे आवार वाढवावयाचे असते. शेजारची झोपडी एका अनाथ विधवेची असते. वकिलांची मूठ गरम करून तो न्यायालयाकडून झोपडीचा कायदेशीर ताबा मिळवितो. म्हातारी त्या जागेतील टोपलीभर माती मागावयास येते. तिच्या नातीने अन्न सोडले आहे आणि जुन्या घरच्या मातीची चूल घातली तर ती जेवील, अशी तिला आशा असते. टोपली उचलून देण्याची विनंती ती जमीनदारालाच करते. त्याला ती उचलत नाही. एका टोपलीचा भार पेलत नसेल तर त्या सर्व भूमीचा भार जन्मभर कसा पेलणार, असे ती त्याला सुचविते आणि तो झोपडी परत करतो. येथे अन्याय कायद्याच्या चौकटीत राहूनच घडतो. मालकीचा कागद मिळाला म्हणजे मालकीचे ओझे संपत नाही, हे त्या कथेचे मर्म आहे. जमीनदाराचे मन पालटते ते फारच सहज, असा आक्षेप घेता येईल, आणि तो रास्त आहे. सप्रे यांची पुढील वाटचाल पाहता केवळ मनःपरिवर्तनावर विसंबण्याची मर्यादा त्यांनाही उमगली असावी.

आर्थिक अडचणींमुळे ‘छत्तीसगढ़ मित्र’ 1902 अखेर बंद पडले. ह्याच सुमारास काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने हाती घेतलेल्या वैज्ञानिक कोशासाठी अर्थशास्त्राची परिभाषा सिद्ध करण्याचे काम सप्रे यांच्याकडे आले. वरकरणी हे काम रूक्ष वाटते. परंतु भांडवल, श्रम, नफा, मजुरी ह्या कल्पनांना देशी भाषेत नेमके शब्द नसतील, तर भांडवलदाराला जाब विचारणारा माणूस तो कोणत्या भाषेत विचारील? परिभाषा ही येथे लोकशिक्षणाची पूर्वतयारी होती.

ह्या तयारीचे फळ नागपूरच्या काळात दिसते. 1906 मध्ये त्यांनी ‘हिंदी ग्रंथमाला’ सुरू केली. महावीरप्रसाद द्विवेदी यांनी केलेला मिलच्या स्वातंत्र्यविषयक ग्रंथाचा अनुवाद तिच्यातूनच बाहेर पडला. सप्रे यांचे स्वदेशी व बहिष्कार ह्यांवरील पुस्तकही ह्याच वर्षीचे. ‘केसरी’तील विचारांचा त्याला आधार होता, आणि शासनाने पुढे ते जप्त केले. स्वदेशीचा विचार बहुधा राष्ट्रवादाच्या इतिहासात मांडला जातो. तो व्यापाराच्या उत्तरदायित्वाचाही विचार होता, हे विसरले जाते. भारताने अनुभवलेली पहिली प्रचंड व्यापारी संस्था म्हणजे ईस्ट इंडिया कंपनी. राज्य करावयाचे येथे आणि नफ्याचा हिशेब द्यावयाचा लंडनमधील भागधारकांना, अशी तिची रचना होती. बहिष्काराने सामान्य ग्राहकाच्या हाती हिशेब मागण्याचे एक साधन दिले.

तथापि मालक स्वदेशी झाला म्हणजे प्रश्न मिटला, अशी सप्रे यांची समजूत नव्हती. 1907 मधील त्यांचा ‘हड़ताल’ हा निबंध ह्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. ह्या निबंधाने संपाकडे निव्वळ बेशिस्त म्हणून न पाहता श्रम व भांडवल ह्यांच्या संबंधातील प्रश्न म्हणून पाहावयास वाचकाला प्रवृत्त केले. नागपुरात जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस गिरणी 1877 पासून चालू होती. तिने 1886 मध्ये निवृत्तिवेतन निधी व 1895 मध्ये अपघात-भरपाईची योजना सुरू केली होती. त्या काळी ह्या गोष्टी असाधारण होत्या. परंतु मालकाने स्वेच्छेने दिलेली सवलत आणि कामगाराने हक्काने मागितलेला वाटा ह्यांत भेद आहे. तो भेद छत्तीसगढात 1920 मध्ये उघड झाला. राजनांदगाव येथील बंगाल-नागपूर कापड गिरणीच्या कामगारांनी ठाकूर प्यारेलाल सिंह यांच्या नेतृत्वाखाली दीर्घ संप केला.

13 एप्रिल 1907 रोजी सप्रे यांनी नागपुरात ‘हिंदी केसरी’ सुरू केले. जुलै 1908 मध्ये टिळकांना शिक्षा झाली. 22 ऑगस्टला सप्रे यांनाही राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. कुटुंबाची स्थिती बिकट होती आणि थोरल्या बंधूंचा आग्रह अनावर होता. त्यांच्या दडपणाखाली सप्रे यांनी माफीपत्रावर सही केली व ते सुटले. टिळक मंडालेत असताना त्यांच्या अनुयायाने माफी मागावी, ही गोष्ट लोकांना तर रुचली नाहीच, पण सर्वांत अधिक ती सप्रे यांनाच जाचली.

दुसऱ्यांकडून हिशेब मागणाऱ्या ह्या लेखकाने आता स्वतःचा हिशेब दिला. बचावाचे लेख त्यांनी लिहिले नाहीत. वर्ध्याजवळ हनुमानगढ येथील रामदासी सत्पुरुष श्रीधर विष्णू परांजपे यांच्या सान्निध्यात त्यांनी मधुकरी मागून दिवस काढले आणि पुढे ते रायपुरात परतले. ‘दासबोधा’चा हिंदी अनुवाद ह्या प्रायश्चित्तातून आला; 1916 मध्ये ‘गीतारहस्या’चा आला. कर्म टाळता येत नाही आणि त्याचे फळ लोकसंग्रहाला वाहावयाचे असते, हा विचार अनुवादकाच्या जीवनाशी एकजीव झालेला होता.

रायपुरातील त्यांचे उत्तरायुष्य बहुतांशी संस्थांत गेले. मुलींसाठी जानकीदेवी महिला पाठशाळा निघाली; असहकाराच्या दिवसांत राष्ट्रीय विद्यालय व अनाथालय उभे राहिले. त्यांचे सहकारी लाखे यांनी 1913 मध्ये रायपुरात सहकारी मध्यवर्ती बँक स्थापन केली. जमीनदाराच्या पश्चात्तापावर अवलंबून असलेला कथेतील न्याय येथे संस्थेचे रूप घेताना दिसतो. सहकारात कर्जदार हाच सभासद असतो आणि हिशेब पाहण्याचा त्याला अधिकार असतो. 1920 मध्ये जबलपुरात ‘कर्मवीर’ सुरू करण्यात सप्रे यांचा पुढाकार होता; संपादकपद त्यांनी माखनलाल चतुर्वेदी यांच्याकडे सोपविले. 1924 मध्ये डेहराडून येथील हिंदी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. 23 एप्रिल 1926 रोजी रायपुरात त्यांचे निधन झाले.

आज रायपूर ही छत्तीसगढ राज्याची राजधानी आहे. शहराच्या भोवती उरला व सिलतरा येथे लोखंड-पोलादाचे कारखाने उभे आहेत. 2013 च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांवर आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करण्याचे बंधन घातले. सप्रे यांच्या काळाच्या तुलनेत ही प्रगतीच म्हटली पाहिजे. परंतु नफा मिळाल्यावर त्यातून काय द्यावे, हा प्रश्न आणि तो नफा कसा मिळविला, हा प्रश्न, हे दोन्ही एक नव्हेत. कथेतील जमीनदाराने विधवेला दुसरीकडे झोपडी बांधून दिली असती किंवा नातीच्या अन्नाची सोय केली असती, तर ते औदार्य ठरले असते. मूळ अन्याय मात्र तसाच राहिला असता. सप्रे यांनी त्याला टोपलीला हात लावावयास लावले. उद्योगाच्या सामाजिक उत्तरदायित्वाचे मोजमाप दानाच्या रकमेत नसून, ज्या मातीवर तो उद्योग उभा आहे तिचा भार ओळखण्यात आहे, हा विचार छत्तीसगढच्या एका अल्पायुषी मासिकाने 1901 मध्येच मांडून ठेवला होता.