गौतमीपुत्र सातकर्णी

गुढीपाडव्याच्या दिवशी शालिवाहन शकाचे नवे वर्ष सुरू होते. या शालिवाहनाविषयी मराठवाड्यात एक जुनी कथा प्रचलित आहे. पैठणच्या एका कुंभाराच्या घरी वाढलेल्या शालिवाहनाने मातीचे हत्ती, घोडे आणि शिपाई केले. शत्रू नगरावर चालून येताच त्यांच्यात प्राण ओतला आणि शत्रूस पिटाळून लावले, अशी ती कथा आहे. परभणी जिल्ह्यातील झरी गावच्या दक्षिणेस गोदावरी वाहते. तिच्या काठाने पश्चिमेस वर वर गेले की हेच पैठण लागते. त्याचे प्राचीन नाव प्रतिष्ठान. तेथे राज्य करणाऱ्या सातवाहन राजांच्या नावावरूनच शालिवाहन हे नाव लोकांच्या मुखी रुळले. मातीचे सैन्य ही लोकांची कल्पना होय. परंतु गमावलेले राज्य पुन्हा उभारणारा एक राजा या वंशात खरोखरच होऊन गेला. त्याचे नाव गौतमीपुत्र सातकर्णी.

या राजाच्या नावात पित्याचे नाव नाही, मातेचे आहे. त्या वंशातील कित्येक राजे आपल्या नावाआधी मातेच्या गोत्राचा उल्लेख करीत. गौतमीपुत्राची माता गौतमी बलश्री. गादी पित्याकडून पुत्राकडेच जात असे, तथापि राजमातेचा मान मोठा होता. तिची आज्ञा राजाज्ञेच्या बरोबरीने निघे, हे पुढे दिसेलच. गौतमीपुत्र इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात झाला असे काही विद्वान मानतात. इतर काही त्यास दुसऱ्या शतकाच्या आरंभी आणतात.

त्या काळी पश्चिमेस रोमचे बलाढ्य साम्राज्य होते. रोममधील धनिकांना भारताचे तलम कापड, मिरी आणि रत्ने यांचा मोठा हव्यास. त्यांच्या मोबदल्यात तिकडून सोन्यारुप्याची नाणी आणि द्राक्षांचे मद्य येई. सागरी व्यापाराची माहिती देणारा एक ग्रीक ग्रंथ पहिल्या शतकात लिहिला गेला. त्यात पैठणचे नाव आहे आणि आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेरचेही आहे. पैठणचे अकीक जातीचे खडे आणि तेरचे कापड गाड्यांत भरून खडतर वाटांनी भडोच बंदरात नेले जाई. भडोचहून पैठणला यावयास 20 दिवस लागत; तेथून तेरला आणखी 10 दिवस. हा सारा व्यापार ज्याच्या हाती त्याची जकात, आणि ज्याची जकात त्याचे सैन्य!

गौतमीपुत्र गादीवर आला तेव्हा ही किल्ली परक्याच्या हाती गेली होती. क्षहरात वंशातील नहपान नावाच्या क्षत्रपाने गुजरात व माळवा तर आपल्याकडे ठेवलाच होता, पण नाशिक, जुन्नर आणि मावळ हा सातवाहनांचा मुलूखही बळकावला होता. कल्याण बंदराची तर अशी दशा झाली होती की तेथे चुकून लागलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जात. सह्याद्रीचे घाट गेले, कोकणची बंदरे गेली; पैठणला मागे उरला तो केवळ वंशाचा मोठेपणा.

नहपान हा केवळ लुटारू होता असे समजणे मात्र योग्य होणार नाही. त्याचा जावई उषवदात याने नाशिकजवळच्या डोंगरात भिक्षूंसाठी लेणे कोरविले, तापीसारख्या नद्यांवर विनामूल्य नावांची सोय केली, धर्मशाळा बांधल्या. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे मिळून 3,000 कार्षापण ठेव म्हणून ठेवले आणि त्यांच्या व्याजातून भिक्षूंना वस्त्रे मिळावीत अशी व्यवस्था लावून दिली. कारागिरांच्या संघाकडे राजघराण्याने विश्वासाने धन ठेवावे, यावरून त्या काळच्या समाजात या संघांची पत केवढी होती हे कळते. अशा लोकप्रिय दानशूर शत्रूशी गौतमीपुत्रास सामना करावयाचा होता. प्रदेश जिंकणे एक, आणि त्या प्रदेशातील माणसे आपलीशी करणे दुसरे.

लढाया कोठे झाल्या, किती माणसे पडली, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. रोमचा विजयी सेनापती नगरातून रथात बसून मिरवे, पुढे बंदिवान आणि लुटीचे ढीग चालत. तेथील इतिहासकार ते सविस्तर लिहीत. गौतमीपुत्राच्या विजयाचा पुरावा सापडला तो जमिनीखाली. 1906 साली नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा मिळाला. नाणी 13 हजारांहून अधिक, सारी नहपानाची, त्याचे मुखचित्र असलेली. त्यांतील 9 हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. नहपानाच्या चेहऱ्यावर सातवाहनांचे डोंगराच्या आकाराचे चिन्ह उमटलेले दिसते. ही नाणी वितळवून नवी पाडता आली नसती असे नाही. पण बाजारात तीच चांदी चालू राहिली आणि ती हातात घेणाऱ्या प्रत्येकास राज्य कोणाचे हे कळले. ही युक्ती मोठी मार्मिक आहे.

त्याच्या कारभाराचे दर्शन घडते ते नाशिकच्या पांडवलेण्यांतील दोन राजाज्ञांतून. राज्याचे ‘आहार’ नावाचे विभाग असत आणि प्रत्येकावर एक अमात्य नेमलेला असे. आपल्या कारकिर्दीच्या 18व्या वर्षी विजयी सेनेच्या छावणीतूनच राजाने गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित यास आज्ञा धाडली: पूर्वी उषवदाताकडे असलेले काखडी गावचे 200 निवर्तने शेत त्रिरश्मी डोंगरावरील भिक्षूंना द्यावे. निवर्तन हे जमीन मोजण्याचे त्या वेळचे माप होय. त्या शेतात राजपुरुषांनी शिरू नये, मिठासाठी ते खणू नये, अशी सूटही लिहून दिली. एरवी राजाचे अधिकारी खेड्यात शिरून काय काय करीत असतील, याची या सवलतींवरून कल्पना येते! कार्ले येथील लेण्यांना उषवदाताने दिलेले गावही पुढे सातवाहनांच्या आज्ञेने तेथील भिक्षूंकडेच राहिले. शत्रूचा वंश गेला, तरी त्याच्या आश्रितांचा घास काढून घेतला गेला नाही.

दुसरी आज्ञा 24व्या वर्षाची. ती राजा आणि राजमाता या दोघांच्या नावे आहे, आणि अमात्य श्यामक यास रीतीप्रमाणे कुशल विचारून मग मुख्य गोष्ट सांगितली आहे. काखडीचे शेत आम्ही दिले खरे, पण ते कोणी कसत नाही आणि गावात वस्तीही नाही. म्हणून नगराच्या सीमेवरील आमच्या खासगी जमिनीतून 100 निवर्तने त्या भिक्षूंना द्यावीत, असा तिचा आशय आहे. गाव ओस का पडले हे लेखात सांगितलेले नाही. सैन्ये जेथून नुकतीच गेली होती तेथे नांगर थांबले, तर नवल ते काय? राजाने दिलेले दान सहा वर्षांनी निरुपयोगी ठरते, ते त्यास कोणीतरी कळविते आणि तो आपली चूक दगडावर कोरवून दुरुस्त करतो, असा दाखला प्राचीन काळच्या राजांत विरळाच सापडतो.

गौतमीपुत्राचे राज्य अखेरीस सौराष्ट्रापासून विदर्भापर्यंत आणि माळव्यापासून कोकणपट्टीपर्यंत पसरले. गोदाकाठचे अश्मक आणि मूलक हे प्रदेश त्यातच होते. त्याच्या निधनानंतर त्याचा पुत्र वासिष्ठीपुत्र पुळुमावी गादीवर बसला. पुळुमावीच्या 19व्या वर्षी वृद्ध बलश्रीने त्रिरश्मी डोंगरावरील लेणे पूर्ण करून भिक्षूंना अर्पण केले आणि तेथे आपल्या दिवंगत पुत्राची थोरवी कोरविली. त्याने क्षहरात वंश निर्मूल केला, धर्माने योग्य तेवढाच कर घेतला, प्रजेचे सुखदुःख आपले मानले, त्याचे घोडे तीन समुद्रांचे पाणी प्याले, असे ती सांगते. त्याने चार वर्णांचा संकर थांबविला, हेही ती अभिमानाने नमूद करते. आज आपण ते गौरवाचे मानणार नाही. अपराधी शत्रूचाही जीव घेणे त्यास आवडत नसे, असे तिने म्हटले आहे. ज्याने एक राजवंश समूळ नाहीसा केला त्याविषयीचे हे शब्द आहेत. ते लिहविणारी माता होती, हे विसरून चालणार नाही.

हे लेणे आजही नाशिकजवळ आहे. त्याच्या ओसरीच्या मागील भिंतीवर मातेने लिहविलेली ही मोठी प्रशस्ती आहे, आणि बाजूच्या भिंतीवर, लहान अक्षरांत, काखडीच्या पडीक शेताविषयीच्या त्या दोन आज्ञा.