अक्षरदाता सेक्वोया

विद्यार्थिमित्रहो, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा प्रारंभीचा इतिहास वाचू लागले म्हणजे एक गोष्ट मनात ठसते. ती म्हणजे त्या तरुण राष्ट्राच्या वाढीचा विलक्षण वेग. इ. स. १७८३ च्या तहाने त्याची पश्चिम सीमा मिसिसिपी नदीला भिडली. पुढे वीसच वर्षांनी, इ. स. १८०३ मध्ये, अध्यक्ष जेफर्सन यांच्या कारकिर्दीत फ्रान्सकडून लुइझियानाचा अफाट मुलूख दीड कोटी डॉलरांना विकत घेतला गेला आणि राष्ट्राचा विस्तार सुमारे दुप्पट झाला. गाड्यांत संसार घालून माणसांच्या झुंडी पश्चिमेकडे निघाल्या. जंगले तुटली, शेते झाली, गावे वसली. ही कथा पराक्रमाची आहे यात शंका नाही. परंतु ज्या भूमीवर ही गावे वसली, ती निर्जन नव्हती. तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या लोकांचे काय झाले, हाही त्याच इतिहासाचा भाग होय. अशाच एका लोकसमूहात जन्मलेल्या, शाळेचे तोंडही न पाहिलेल्या, पायाने अधू अशा एका कारागिराचे हे चरित्र आहे. त्याचे नाव सेक्वोया. इंग्रजीत त्याला जॉर्ज गेस म्हणत.

सेक्वोयाचा जन्म सुमारे इ. स. १७७० मध्ये, आजच्या टेनेसी संस्थानातील टस्कीगी नावाच्या चेरोकी गावात झाला. त्याची आई चेरोकी होती. वडील गोऱ्या वंशाचे होते असे मानले जाते. परंतु मुलाला वाढविले ते आईनेच. चेरोकी समाजात कूळ आईकडून चालत असे; त्यामुळे सेक्वोया पूर्णपणे चेरोकी म्हणूनच लहानाचा मोठा झाला. त्याची भाषा चेरोकी, त्याचे सोयरेधायरे चेरोकी, आणि इंग्रजी बोलणे किंवा वाचणे त्याला अखेरपर्यंत आले नाही. एका पायाने तो लंगडत असे. शिकारीत इतरांची बरोबरी करणे त्याला कठीण होते. पण त्याच्या हातांत विलक्षण कला होती. तो चांदीचे दागिने घडवी, पुढे लोहारकामही करू लागला. त्याने घडविलेल्या वस्तूंवर त्याचे नाव असावे असे एका गिऱ्हाइकाने सुचविले. तेव्हा इंग्रजी जाणणाऱ्या एका चेरोकी गृहस्थाकडून त्याने आपले नाव लिहून घेतले आणि त्या वळणांप्रमाणे चांदीवर कोरले, असे सांगतात. जी अक्षरे आपल्याला वाचता येत नाहीत ती आपलेच नाव बोलतात, हा अनुभव त्याच्या मनात खोलवर रुतून बसला असला पाहिजे.

गोऱ्या लोकांच्या कागदांना चेरोकी लोक बोलणारी पाने म्हणत. शेकडो कोसांवरच्या माणसाचा निरोप ही पाने अचूक सांगत. कित्येकांना वाटे की ही जादू आहे, किंवा ईश्वराने केवळ गोऱ्या लोकांना दिलेली देणगी आहे. सेक्वोयाला हे पटेना. जे एका माणसाने केले ते दुसऱ्यालाही करता येईल, अशी त्याची सरळ श्रद्धा होती. सुमारे इ. स. १८०९ पासून त्याने आपल्या भाषेला लिपी देण्याचा ध्यास घेतला. मध्येच क्रीक लोकांशी युद्ध झाले. त्या युद्धात चेरोकी सैनिक अमेरिकेच्या बाजूने जनरल अँड्र्यू जॅक्सनच्या नेतृत्वाखाली लढले आणि सेक्वोयाही इ. स. १८१३-१४ मध्ये चेरोकी पथकात सामील झाला. गोरे शिपाई घरची पत्रे वाचीत. चेरोकी शिपायांना मात्र घरची ख्यालीखुशाली कळण्याचा मार्ग नव्हता. परत आल्यावर त्याचा निश्चय अधिकच दृढ झाला.

आरंभी त्याने प्रत्येक शब्दाला एकेक चिन्ह ठरविण्याचा प्रयत्न केला. झाडांच्या सालींवर तो चिन्हे कोरीत गेला; पण शब्द संपेनात आणि चिन्हे ध्यानात राहीनात. शेत ओस पडले, भट्टी थंडावली. हा मनुष्य वेडा झाला असे शेजारी म्हणू लागले. कोणी तर तो चेटूक करतो असा संशय घेतला. त्याच्या बायकोने रागाच्या भरात त्याचे सारे लिखाण जाळून टाकले, अशीही कथा प्रसिद्ध आहे. तरीही तो खचला नाही. उलट, आपली वाट चुकली आहे हे ओळखून त्याने ती बदलली. लोकांचे बोलणे लक्षपूर्वक ऐकता ऐकता त्याच्या ध्यानात आले की शब्द असंख्य असले, तरी ते ज्या ध्वनिखंडांनी बनतात ते मोजकेच आहेत, आणि तेच पुनःपुन्हा येतात. हा शोध किती मोठा होता! जगातील बहुतेक लिपी अनेक पिढ्यांच्या श्रमांतून हळूहळू घडल्या. येथे एका निरक्षर माणसाने केवळ कान आणि बुद्धी यांच्या बळावर भाषेचे पृथक्करण केले.

अशा रीतीने त्याने ८६ चिन्हे ठरविली. पुढे त्यांतील एक गळून ८५ राहिली. आपल्या बाराखडीत क या मूळ अक्षराला काना, मात्रा, वेलांटी जोडून का, के, कि अशी रूपे होतात. सेक्वोयाच्या लिपीत तशी जोडणी नाही. प्रत्येक ध्वनिखंडाला स्वतंत्र, निराळे चिन्ह आहे. काही चिन्हांचे आकार त्याने इंग्रजी पुस्तकातून उचलले. पण इंग्रजी वाचता येत नसल्याने त्यांचे उच्चार त्याने स्वतःच ठरविले. त्यामुळे इंग्रजी डब्ल्यूसारखे दिसणारे अक्षर चेरोकीत ला असे वाचले जाते, आणि डीसारखे दिसणारे अ असे. ही ८५ चिन्हे एकदा पाठ झाली की चेरोकी बोलणाऱ्याला वाचता आलेच. निराळे शुद्धलेखन शिकण्याचे कारण उरत नसे.

इ. स. १८२१ च्या सुमारास लिपी पूर्ण झाली. तिची पहिली विद्यार्थिनी होती सेक्वोयाची लहान मुलगी अयोका. समाजातील वडीलधाऱ्या मंडळींना ही विद्या खरी वाटेना. तेव्हा बाप आणि मुलगी यांना एकमेकांपासून दूर ठेवून परीक्षा घेण्यात आली. एकाने सांगितलेले दुसऱ्याने केवळ लिखाणावरून जसेच्या तसे वाचून दाखविले आणि सर्वांचा संशय फिटला. मग ही विद्या वणव्यासारखी पसरली. शाळा नव्हत्या, पगारी शिक्षक नव्हते. जो शिकला तो दुसऱ्यास शिकवी. थोड्याच वर्षांत हजारो चेरोकी स्त्री-पुरुष साक्षर झाले. इ. स. १८२४ मध्ये चेरोकी राष्ट्रसभेने सेक्वोयाला रौप्यपदक देण्याचे ठरविले. दि. २१ फेब्रुवारी १८२८ रोजी न्यू इकोटा या चेरोकी राजधानीतून चेरोकी फीनिक्स हे वृत्तपत्र निघाले. त्याचे खिळे बोस्टन शहरात ओतविले होते, संपादक इलायस बूडिनॉट हा चेरोकी तरुण होता, आणि त्यात इंग्रजी व चेरोकी असा दोन्ही भाषांतील मजकूर असे. त्याआधी इ. स. १८२७ मध्ये चेरोकी लोकांनी आपली लिखित राज्यघटनाही सिद्ध केली होती.

सुधारणेची जी लक्षणे गोरे लोक सांगत, ती सारी या समाजाने आत्मसात केली होती. शेती, शाळा, न्यायालये, घटना, वृत्तपत्र, काय नव्हते? तरीही त्यांची जमीन वाचली नाही. जॉर्जिया संस्थानाला ती भूमी हवी होती, आणि तेथे सोने सापडल्यावर तर लोभाला सीमाच उरली नाही. ज्या जॅक्सनच्या हाताखाली चेरोकी लढले होते, तोच आता राष्ट्राध्यक्ष झाला होता. इ. स. १८३० मध्ये मूळ रहिवाशांना मिसिसिपीपलीकडे हलविण्याचा कायदा संमत झाला. इ. स. १८३२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, चेरोकी प्रदेशात जॉर्जियाचे कायदे लागू होत नाहीत, असा निर्णय दिला. पण त्याची अंमलबजावणी झाली नाही. डिसेंबर १८३५ मध्ये मूठभर चेरोकी पुढाऱ्यांकडून जमीन सोडण्याच्या तहावर सह्या घेण्यात आल्या. त्यांत बूडिनॉटही होता. मुख्य नायक जॉन रॉस आणि बहुसंख्य जनता यांनी विरोध केला, हजारोंनी अर्जांवर नावे लिहिली, पण व्यर्थ. इ. स. १८३८ च्या उन्हाळ्यात सैनिकांनी लोकांना घरांतून काढून छावण्यांत कोंडले आणि मग सुमारे १६,००० लोकांना पश्चिमेकडे चालविले. थंडी, उपासमार आणि रोगराई यांनी सुमारे ४,००० माणसे मृत्युमुखी पडली. इतिहासात या प्रवासाला अश्रूंची वाट असे नाव मिळाले.

सेक्वोया या वाटेने गेला नाही. तो बराच आधी, इ. स. १८२० नंतरच्या वर्षांत, आर्कन्सामधील चेरोकी वस्तीत जाऊन राहिला होता. इ. स. १८२८ मध्ये तेथील शिष्टमंडळाबरोबर तो वॉशिंग्टनला गेला. आर्कन्सामधील जमीन देऊन आणखी पश्चिमेची जमीन घेण्याचा तह तेथे झाला आणि त्यावर त्याचीही सही आहे. या तहाने घरचे अनेक लोक रुष्ट झाले. त्याच तहात, लिपीच्या शोधाबद्दल सेक्वोयाला ५०० डॉलर देण्याचे कलम होते. थोर माणसाच्या आयुष्यातही असे कठीण प्रसंग येतात, की ज्यांचा निवाडा सोपा नसतो. ते झाकून ठेवणे चरित्रलेखकाला शोभत नाही. त्या भेटीच्या वेळी चित्रकार चार्ल्स बर्ड किंग याने त्याचे चित्र काढले. मूळ चित्र पुढे आगीत जळाले, पण त्याची छापील प्रत उरली आहे. डोक्याला फेटा बांधलेला, तोंडात चिलीम धरलेला सेक्वोया आपल्या अक्षरांच्या फलकाकडे बोट दाखवीत आहे.

इ. स. १८३९ मध्ये पूर्वेकडचे निर्वासित आणि आधीचे रहिवासी एकत्र आले, तेव्हा त्यांच्यात तीव्र वैर माजले. तहावर सही करणाऱ्या बूडिनॉटसह तिघा पुढाऱ्यांचे एकाच दिवशी खून पडले. अशा वेळी वृद्ध सेक्वोया सलोख्यासाठी पुढे आला, आणि दोन्ही गटांना एक करणाऱ्या करारावर आधीच्या रहिवाशांतर्फे त्याने सही केली. पण त्याच्या मनाला आणखी एक रुखरुख होती. चेरोकींची एक शाखा भटकत मेक्सिकोत गेली होती. तिला शोधावे, आपली अक्षरे तिलाही द्यावी, म्हणून इ. स. १८४२ मध्ये, सत्तरी उलटलेली असताना, तो मुलगा व काही सोबती घेऊन निघाला. इ. स. १८४३ मध्ये मेक्सिकोतच त्याचा देह पडला. त्याच्या थडग्याचा ठावठिकाणा कोणास लागला नाही.

ओक्लाहोमा संस्थानाने इ. स. १९१७ मध्ये त्याचा पुतळा वॉशिंग्टनच्या कॅपिटॉल भवनात उभारला. ज्या इमारतीत त्याच्या लोकांना घालविण्याचा कायदा झाला, तेथेच तो उभा आहे. त्याचे जन्मगाव इ. स. १९७९ मध्ये एका धरणाच्या पाण्याखाली गेले. मात्र त्याची अक्षरे बुडाली नाहीत. ओक्लाहोमात आणि उत्तर कॅरोलिनात ती आजही रस्त्यांच्या पाट्यांवर दिसतात, संगणकावर उमटतात. भाषा बोलणाऱ्यांची संख्या घटली असता, ती टिकविण्यासाठी चेरोकी मुलांना याच अक्षरांतून शिकवितात.

मित्रहो, जमीन बळाने हिरावून घेता येते. घरे आणि गावे ओस पाडता येतात. लिपीने चेरोकींची भूमी वाचविली नाही, हे सत्य आहे. परंतु वाटेत पांगलेल्या माणसांना एकमेकांची खबर कळविता आली, आपली दुःखे आपल्याच भाषेत लिहून ठेवता आली आणि आपण कोण आहोत हे विसरावे लागले नाही, ते या लंगड्या कारागिरामुळेच. आपण शाळेत पहिल्याच वर्षी पाटीवर अक्षरे गिरवितो आणि ती आपल्याला आयती मिळाली म्हणून त्यांचे मोल विसरतो. सेक्वोयाने बारा वर्षे लोकांची कुचेष्टा सोसून ती आपल्या लोकांसाठी घडविली. पुढच्या वेळी पाटी किंवा वही हाती घेताना त्याची एकदा आठवण केली, तरी पुष्कळ झाले.