सशाच्या गोष्टीतून राखलेली भूमी

बालवाङ्मयाला दुय्यम लेखण्याची प्रथा जुनी आहे. मुलांसाठी लिहिणाऱ्याने हौसेपुरते लिहावे आणि प्रकाशक देईल ते निमूटपणे घ्यावे, असा जणू संकेतच होता. इंग्रज लेखिका व चित्रकार बिअट्रिक्स पॉटर यांनी तो मोडला.

१८६६ साली लंडनमधील एका धनाढ्य कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आजोबांनी सुती कापडाच्या छपाईत मिळविलेली संपत्ती घरात होती. बिअट्रिक्स यांना मात्र शाळेत न घालता घरीच शिक्षण देण्यात आले. धाकट्या भावाखेरीज त्यांचे सोबती म्हणजे पाळलेले ससे, उंदीर आणि वटवाघळे. त्यांची चित्रे रेखाटता रेखाटता त्यांना शास्त्रज्ञाची दृष्टी लाभली. अळंब्यांचे बीजाणू कसे रुजतात, यावरील त्यांचा निबंध १८९७ साली लिनियन सोसायटीपुढे आला. पण स्त्रियांना तेथील बैठकीस प्रवेश नसल्याने तो दुसऱ्यानेच मांडला. विज्ञानाचे दार बंद राहिले, तरी निरीक्षणाची शिस्त वाया गेली नाही. म्हणूनच त्यांचा पीटर ससा निळा कोट गळून पडताच अस्सल ससा दिसतो.

या सशाची गोष्ट प्रथम अवतरली ती १८९३ साली, जुन्या शिक्षिकेच्या आजारी मुलाला धाडलेल्या सचित्र पत्रात. पुढे प्रकाशकांनी ती नाकारली, तेव्हा १९०१ साली त्यांनी स्वखर्चाने २५० प्रती छापल्या. पुस्तक मुलांच्या हातात मावेल एवढे लहान आणि स्वस्त असावे, हा त्यांचा आग्रह होता. १९०२ साली फ्रेडरिक वॉर्न या संस्थेने रंगीत आवृत्ती काढली व ती हातोहात खपली. अमेरिकेत स्वामित्वहक्काची नोंद न झाल्याने तेथे इतरांनी हे पुस्तक बिनदिक्कत छापले. पॉटर मात्र आपल्या हक्कांविषयी दक्ष होत्या. पीटरच्या बाहुलीची नोंदणी त्यांनी १९०३ सालीच केली होती.

१९०५ साली प्रकाशक नॉर्मन वॉर्न यांच्याशी त्यांचा विवाह ठरला. व्यापारी जावई आईवडिलांना कमीपणाचा वाटला; घरची श्रीमंती कोठून आली, याचा त्यांना विसर पडला होता. महिन्याभरातच वॉर्न निवर्तले. त्याच वर्षी पॉटर यांनी लेक डिस्ट्रिक्टमधील हिल टॉप हे शेत विकत घेतले. तेथील घर आणि बाग त्यांच्या पुस्तकांतून पुढे अजरामर झाली. १९१३ साली विल्यम हीलिस या वकिलाशी विवाह झाल्यावर लेखन मागे पडले आणि हर्डविक मेंढ्यांची जोपासना हे त्यांचे मुख्य कार्य झाले.

पुस्तकांचे उत्पन्न व वारशाचा पैसा त्यांनी जमिनीत घातला, तो नफ्यासाठी नव्हे. डोंगरउतारांवरील शेते तुकड्यातुकड्यांनी विकली जाऊन तेथील मेंढपाळी मोडू नये, हा त्यामागील हेतू होता. २२ डिसेंबर १९४३ रोजी त्यांचे निधन झाले. मृत्युपत्राने चार हजार एकरांहून अधिक भूमी नॅशनल ट्रस्टकडे गेली. डोंगराळ शेतांवर हर्डविक मेंढ्यांचेच कळप राखावेत, अशी अटही त्यात होती. लेखनावरील खासगी हक्क त्यांनी कसोशीने जपला म्हणूनच सार्वजनिक ठेव्याची ही एवढी मोठी भर पडू शकली.